वरची रेघ

१२ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही, माझी मला. आदर्श केळी बागेचा मान मिळाल्यावर तारखा विसरायला नकोत, एवढंच.

प्रकार असा आहे. जळगावची एक कंपनी आमच्या फैजपूर शिवारात दोन बागांत जमिनीचा ओलावा मोजायच्या पेट्या बसवते आहे. चाचणी म्हणून, फुकट. एक माझ्या बागेत, दुसरी योगराजच्या. फेब्रुवारीत ज्याचं पाण्याचं नियोजन चांगलं दिसेल, त्याच्या बांधावर रस्त्याकडे तोंड करून मोठा बोर्ड लागणार : ‘आदर्श केळी बाग’, खाली शेतकऱ्याचं नाव.

योगराज माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा लहान. बांधाला बांध. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. व्यापाऱ्याची गाडी आधी त्याच्या बागेत शिरते, हे मी फक्त पाहिलेलं आहे. मागच्या साली त्याचे घड परदेशात गेले आणि माझे दिल्लीला, हेही पाहिलेलं आहे. याला निरीक्षण म्हणतात. हेवा वेगळा.

बोर्ड मलाच मिळणार.

१५ नोव्हेंबर

कंपनीच्या इंजिनियर बाई येऊन गेल्या. मयुरी मॅडम, शिरपूरच्या. वयाने आमच्या लेकीएवढ्या, भाविकाएवढ्या असतील, पण बोलणं ठाम. पेटी हाताच्या ओंजळीत मावते. आत सिमकार्ड आहे! खाली दांडा, तो मुळांजवळ खुपसायचा.

मी विचारलं, माझ्या बागेत मध्यभागी फोनला एक कांडी येत नाही, पेटीला कुठून येणार? (योगराजच्या बागेत दोन कांड्या येतात. टॉवर काय त्याने बांधला आहे?) मॅडम म्हणाल्या, फोन दिवसभर बडबड करतो, म्हणून त्याला रेंज जास्त लागते. ही पेटी बहुतेक वेळ झोपलेली असते. दिवसातून थोड्या वेळा उठते, चार शब्द सांगते, परत झोपते. आणि दूरच्या टॉवरला ऐकू गेलं नाही तर तेच चार शब्द शांतपणे पुन्हा पुन्हा सांगते, ऐकू जाईपर्यंत. म्हणून केळीच्या दाट पानांतूनही निरोप पोचतो आणि बॅटरी कित्येक वर्षं टिकते.

माझी बायको लता चहा घेऊन आली होती. ती माझ्याकडे बघून हसली. का, ते कळलं नाही.

१६ नोव्हेंबर

अन्याय! पेट्यांवर नंबर आहेत. योगराजची एक नंबर, माझी दोन. मॅडमना स्वच्छ विचारलं. त्या म्हणाल्या, ऑफिसात अक्षरांच्या क्रमाने नोंद झाली. ‘य’ आधी, ‘श’ नंतर.

आईबापांनी शालिग्राम नाव ठेवताना पुढचा विचार केला नाही. मी लहान असताना यादीत नेहमी शेवटी असायचो. खाऊ संपलेला असायचा.

१८ नोव्हेंबर

आज पेट्यांची पूजा. नवीन वस्तू बागेत न्यायची तर नारळ, हळदकुंकू आलंच. चुडामण नाना अध्यक्ष. नाना म्हणजे आमच्या केळी उत्पादक गटाचे म्होरके, त्यांच्याशिवाय नारळ फुटत नाही. पाटावर दोन पेट्या. डावीकडे योगराजची, उजवीकडे माझी.

योगराज नारळ फोडायला दगड शोधायला गेला. मॅडम बूट काढत होत्या. नानांचे डोळे मिटलेले.

मी पेट्या बदलल्या.

यात गैर काही नाही. पेट्या सारख्याच. मी वयाने मोठा, एक नंबर मोठ्याकडे असणं रीतीला धरून आहे. नंतर दोन्ही नंबरांवर जाड ओलं कुंकू लावलं, वर हळदीचं बोट, वर अक्षता. मॅडमनी रुमाल काढला होता, पण नाना म्हणाले, पूजेचं कुंकू पुसत नसतात. मॅडमनी रुमाल आत ठेवला. डावीकडची योगराजच्या बागेत बसवली, उजवीकडची माझ्या.

एक नंबर माझ्या मातीत आहे. योगराजला पत्ताही नाही. बिचारा पेढे वाटत होता.

१९ नोव्हेंबर

अ‍ॅप सुरू झालं. फार छान. एक निळी रेघ, खाली नाव : योगराज भारंबे. एक हिरवी, खाली : शालिग्राम भारंबे. दोघांनाही दोन्ही दिसतात.

योगराजची रेघ माझ्यापेक्षा वर आहे.

२१ नोव्हेंबर

रेघ अजून वरच. म्हणजे त्याच्या बागेत ओलावा जास्त. एक नंबरची पेटी माझ्याकडे असून असं कसं? पाणी वाढवावं लागणार.

संकल्प : अ‍ॅप दिवसातून एकदाच उघडायचं. पेटी झोपलेली असताना बघून उपयोग नाही.

२२ नोव्हेंबर

पेटीची बॅटरी भरलेली. माझ्या फोनची दुपारीच संपली. पॉवर बँक आणायला सांगितली आहे.

२६ नोव्हेंबर

सकाळी ठिबक सुरू केलं ते जेवणापर्यंत चालू ठेवलं. भरपूर पाणी. दुपारी पेटी उठली, निरोप आला. माझी हिरवी रेघ तसूभर हलली नाही. योगराजची निळी टुणकन वर!

म्हणजे मी पाणी सोडताना त्याने पाहिलं आणि त्यानेही सोडलं. लहानपणापासून याला माझी नक्कल करायची सवय. मी सायकल घेतली, याने सायकल घेतली. मी टॉवेल खांद्यावर टाकतो, हाही टाकतो.

२९ नोव्हेंबर

आज मुद्दाम वेळ बदलली. संध्याकाळी सोडलं. त्याचीही रेघ संध्याकाळनंतर वर. पाळत ठेवतो आहे. नक्की.

३ डिसेंबर

आमच्या बाजूची डीपी जळाली. लाईट नाही, मोटार बंद. योगराज दुसऱ्या डीपीवर आहे, त्याच्याकडे झकास लाईट. तरी त्याची रेघ खाली येते आहे! माझं बंद पडलं म्हणून यानेही बंद ठेवलं. एखादा माणूस इतका कसा पेटतो दुसऱ्यावर? मला तर समजत नाही. स्वभावच नाही माझा तो.

७ डिसेंबर

डीपी दुरुस्त. पाणी सुरू. निळी रेघ पुन्हा वर. मी फक्त हसलो.

१० डिसेंबर

बांधावरच्या बाभळीमागे उभा राहून निरीक्षण केलं. योगराज मोटारीकडे फिरकलाही नाही. लिंबाखाली बसून शेंगा खात होता. टॉवेल खांद्यावर! व्हॉल्व्ह बंद. म्हणजे मी जेवायला घरी गेल्यावर सोडत असणार. धूर्त आहे.

अंगाला बाभळीचे काटे. लताने विचारलं, कुठं गेला होतात. कामाला, असं सांगितलं.

१५ डिसेंबर

लता बागेतून आली, पाय घोट्याच्या वरपर्यंत काळे. म्हणाली, “पाय रुतू राह्यला बागीत. मोटार बंद करा ना दोन दिस.” तिला अ‍ॅप दाखवलं. हिरवी रेघ बघ म्हटलं, किती खाली आहे, आपली जमीन तहानलेली आहे. ती म्हणाली, “मंग ह्यो चिखल कोनाचा?”

पायाला काय कळतं? पेटीचा दांडा मुळापाशी आहे, निरोप टॉवरवरून जळगावला जातो, तिथून फोनवर येतो. लताचा पाय फक्त चपलेपर्यंत.

संध्याकाळी तिने तेच पुन्हा सांगितलं. जेवतानाही.

२० डिसेंबर

मोठी बातमी. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

मयुरी मॅडमचा फोन. मी आपली तक्रार मांडली की माझी रेघ वर जात नाही. त्या म्हणाल्या, काका, वर जायलाच नको! वर म्हणजे पाणी जास्त, मुळं गुदमरतात. रेघ मधल्या पट्ट्यात पाहिजे, वाफशाच्या. ना कोरडं ना चिखल. तुमची रेघ पहिल्या दिवसापासून मधल्या पट्ट्यात आहे. फार शिस्तीचं पाणी देता तुम्ही.

मी म्हटलं, अनुभव आहे.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, योगराज काकांचं मात्र रीडिंग फार ओलं येतंय. मी फोन केला तर ते म्हणाले, मी तर मोजकंच देतो. पेटीत बिघाड असेल, पाहणीला येईन तेव्हा बघते.

बिघाड पेटीत नाही, माणसात आहे. मी हे मॅडमना बोललो नाही. मोठेपणा.

आता जे चाललं आहे ते तसंच चालू ठेवायचं. सकाळी ठिबक, जेवणापर्यंत. यानेच माझी रेघ मध्यावर आली आहे.

२१ डिसेंबर

गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या रेघेचा फोटो टाकला. खाली लिहिलं : “बंधूंनो, जास्त पाणी घातक. वेळीच सावध व्हा.” नाव घेतलं नाही. नाव ग्राफखाली होतंच.

अंगठ्यांचा पाऊस. योगराजने हात जोडल्याचं चित्र टाकलं. ही मस्ती आहे.

२ जानेवारी

पानं पिवळी पडू लागली आहेत. थंडीमुळे. योगराजची हिरवीगार आहेत, पण हिरवं दिसण्यावर जाऊ नये. आतून सडत असणार. अ‍ॅप बघा.

११ जानेवारी

योगराजच्या बागेत भरीत पार्टी. जायचं नव्हतं. गेलो, कारण गेलो नसतो तर लोक म्हणाले असते जळतो.

तूरकाठ्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत घालून ठेचली, वर तेल, कांद्याची पात. कळण्याच्या पुऱ्या. भरीत बरं होतं. (दोनदा घेतलं. खात्री करायला.) सगळे जमिनीवर मांडी घालून बसले होते. जमीन अगदी कोरडी लागली. खाली ताडपत्री होती म्हणून असेल.

चार लोकांत योगराजला वडीलकीच्या नात्याने सांगितलं, पाणी कमी कर, बाग बुडवशील. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, माह्या बागीत तं चप्पलबी वली होत नाही.” चप्पल काढून तळवा दाखवला. कोरडा. आधी पुसून ठेवला असणार. हा माणूस कोणत्या थराला जाईल, सांगता येत नाही.

मग चुडामण नाना उठून उभे राहिले. म्हणाले, “शालिक, कंपनीनं तुहं नाव धाडलं. तुह्या नावाचा बोर्ड रंगवाले टाकला मी.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. योगराजनेही. त्याच्या टाळ्या जास्त जोरात होत्या. आत किती जळत असेल, मला कळू शकतं.

२५ जानेवारी

पेंटरकडे जाऊन बोर्ड पाहिला. पिवळ्यावर लाल अक्षरं. ‘आदर्श केळी बाग. शेतकरी : श्री. शालिग्राम भारंबे.’ डाव्या कोपऱ्यात केळीचा घड. घड थोडा योगराजच्या घडासारखा वाटला. दुरुस्त करायला सांगितलं.

८ फेब्रुवारी

कार्यक्रम ठरला, वीस तारखेला. धुळे जिल्ह्यातून शेतकऱ्यांची गाडी येणार, माझी बाग पाहायला. मॅडम येणार. भाषण पाठ करतो आहे. विषय : ‘मोजकं पाणी, माझी साधना’.

१६ फेब्रुवारी

काल वारा सुटला. फार नाही. बागेत बरीच झाडं आडवी झाली. घडासकट. घड निसवून भरत आलेले, महिन्या-दीड महिन्यात कापणी. मुळं धरून उचलली तर हातात काळी, मऊ आली, वास मारत होती.

योगराजच्या बागेत एकही पडलं नाही. वारा काय बांधावर थांबला?

लता आडव्या झाडापाशी बसली होती. पडलेल्या घडावरून हात फिरवत होती. मला बोललेलं परवडलं असतं.

अ‍ॅप उघडलं. हिरवी रेघ मधल्या पट्ट्यात. पेटी चुकत नाही. वाराच जास्त होता.

१९ फेब्रुवारी

पडलेली झाडं ओढून मागच्या बाजूला नेली. पुढच्या ओळी बऱ्या दिसतात. उद्या पाहुण्यांना पुढूनच दाखवायचं. आज पाणी जरा जास्त सोडलं, तजेला यावा म्हणून.

२० फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण तारीख रिकामी ठेवली तर उद्या मीच विचारीन काय झालं.

गाडी दहाच्या सुमारास आली. बोर्ड टपावर बांधलेला. ड्रायव्हरने बांधावरून आत घेतली आणि पुढची चाकं रुतली. सगळे खाली उतरले. सोनगीरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने धोतर वर धरलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, “आठे भात लायेल शे का?”

इथे भात लावलाय का! कुणीतरी हसलं. मग बरेच हसले.

मी भाषण सुरू केलं. ‘मोजकं पाणी’ म्हणालो तेव्हा माझी एक चप्पल चिखलात राहिली.

मॅडम हसत नव्हत्या. त्या फोनकडे बघत होत्या, मग जमिनीकडे, मग परत फोनकडे. म्हणाल्या, काका, इथे तर वाफसा दाखवतोय. मग सरळ चिखलातून पेटीपाशी गेल्या, खाली बसल्या. कुंकू वाळून पापुद्रा झालं होतं. अंगठ्याने घासलं. मी म्हटलं, पूजेचं आहे. त्यांनी ऐकलं नाही.

एक.

मॅडम म्हणाल्या, ही तर योगराज काकांच्या नावावरची पेटी. मग त्या नानांना सांगू लागल्या आणि मी ऐकत होतो. योगराजच्या नावाची निळी रेघ इथली. माझ्या नावाची हिरवी तिकडची. नोव्हेंबरपासून.

मी पाणी सोडलं की निळी वर जायची. डीपी जळाली तेव्हा ती खाली आली होती. ग्रुपवर फोटो टाकला होता, तो माझ्याच बागेचा होता.

नाना म्हणाले, पाटावर अदलाबदल झाली असंल, पूजेच्या गडबडीत. मी म्हटलं, हो, तसंच झालं असणार.

योगराज माझ्या शेजारी उभा होता. माझी चप्पल त्याने चिखलातून काढून दिली. कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, “भाऊ, एक नंबर पाहिजे होता तं मागून घ्यायचा. मी दिला नसता का?”

त्याने ओरडायला हवं होतं. मला सोपं गेलं असतं.

२१ फेब्रुवारी

बोर्डाचा प्रश्न. पाहणीत योगराजची बाग आदर्श ठरली. धुळ्याचे लोक तिकडे चपला घालून फिरले. पण बोर्डावर माझं नाव. नाना म्हणाले, नवीन रंगवू. योगराज म्हणाला, कायले खर्च, भाऊचं नाव आहे, राहू द्या, भारंबे तर दोघंही. लावा माझ्या बांधावर, असंही तोच म्हणाला.

लावला.

२३ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. विचारत होत्या, पेट्या अदलून बसवू की अ‍ॅपमधली नावं बदलू. मी म्हटलं, नावं बदला. एक नंबर माझ्याकडे राहू द्या.

फोन ठेवल्यावर वाटलं, हे का म्हणालो.

१ मार्च

मोटार बंद आहे, मुळं वाचतील तेवढी वाचतील. उरलेल्या झाडांना बांबूचे टेकू देतो आहोत, मी आणि लता. योगराज त्याच्याकडचे बांबू बांधावर ठेवून गेला. घेतले. मोजून परत करणार.

व्यापारी आला होता. रस्त्यावरून बोर्ड वाचून म्हणाला, शालिग्रामभाऊंची बाग आधी घेऊ. आणि योगराजच्या बागेत गेला.

६ मार्च

अ‍ॅप उघडलं. आता निळी रेघ माझ्या नावाची. वर आहे, सगळ्यात वर. हळूहळू उतरते आहे.

हिरवी मधल्या पट्ट्यात. योगराज भारंबे.

आज एकदाच उघडलं.

९ मार्च

लता म्हणाली, मले बोर्ड पाहायचा आहे, अजून नीट पाहिलाच नाही. नको म्हणालो. जेवताना तिने पुन्हा सांगितलं. चहाच्या वेळी पुन्हा. शेवटी घेऊन गेलो.

रस्त्यावरून उतरत्या उन्हात अक्षरं चकाकतात, वाचता येत नाहीत. जवळ जावं लागतं. दोघं बांध उतरून योगराजच्या बागेत उभे राहिलो. लताने माझं नाव पूर्ण वाचलं, मोठ्याने, श्री. सकट. छान दिसतं म्हणाली.

घरी आल्यावर चप्पल उलटी करून पाहिली. कोरडी होती.